वरच्या मजल्यावरचे स्फटिक

माझी सून स्फटिक वाढवते. कुणाच्या सुना बाग वाढवतात, कुणाच्या मांजरं. माझी सून काचेच्या भांड्यात स्फटिक वाढवते आणि मग त्यांच्यावर एक्स-रे सोडून आत कोण कुठे कसं बसलंय ते शोधून काढते. लग्न ठरलं तेव्हा मी भीत भीत विचारलं होतं, "म्हणजे हिऱ्यांचं काम का गं?" तर म्हणाली, "हिऱ्यांचं असतं तर तुमच्या मुलाला होकार दिला असता का, आई?" त्या दिवसापासून आमचं जमलं.

ती आणि मुलगा खालच्या मजल्यावर राहतात, मी वर. माझ्या दोन खोल्या. पुढची बसाउठायची, मागची देवाची. देवाच्या खोलीला दोन दारं आहेत. एक पुढच्या खोलीत उघडतं, ते मी बंदच ठेवते. दुसरं न्हाणीघरात. रोज सकाळी न्हाऊन, त्या खोलीतच वाळलेलं पातळ नेसून मी न्हाणीतूनच आत जाते, दिवा लावते, आणि दिवा शांत होईपर्यंत बोलत नाही. बाहेरचे कपडे, बाहेरची चप्पल, बाहेरच्या गप्पा, यातलं काही त्या खोलीत जात नाही. मला हा नियम देणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, घरात एक जागा अशी ठेव जिथे जगाचं काही सांडलेलं नसेल. ती मी ठेवली. मुलगा तिला 'आईची हद्द' म्हणतो.

त्या दिवशी संध्याकाळी सून कामावरून आली ती थेट वर आली आणि पुढच्या खोलीत जमिनीवरच बसली, देवाच्या खोलीच्या बंद दाराला पाठ टेकून. खांद्यावरची पिशवीसुद्धा काढली नाही. मी शेंगा सोलत होते.

"साहेब म्हणाले, तो पेपर मागे घे," ती म्हणाली. "ते सुट्टीवरून येईपर्यंत मी स्वतःहून पत्र लिहायचं, म्हणजे शोभा होणार नाही."

साहेब म्हणजे तिच्या विभागाचे प्रमुख. आणि 'तो पेपर' कोणता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पुष्कळ वर्षांपूर्वी, त्यांच्या नव्या इमारतीच्या भिंतींना रंगाचा वास येत होता तेव्हा, तिने एका पदार्थाचे स्फटिक वाढवले होते. इवलीइवली तावदानं, एक कोपरा छाटल्यासारखा, आणि इतकी स्वच्छ की द्रवात बुडालेली असताना दिसायची नाहीत. भांडं तिरपं धरलं की एकदम चमकायची. त्यांच्या आतली रचना तिने शोधली, छापली, कौतुक झालं. मग एका सकाळी ती गेली, तर भांड्यात तावदानं नव्हती. पांढऱ्या सुयांचे झुपके होते. पदार्थ तोच, रेणू तेच, पण बसायची पद्धत दुसरी. त्या सकाळनंतर तावदानं पुन्हा झालीच नाहीत. तिने भांडी बदलली, खोली बदलली, पाणी उकळून उकळून दमली. दरवेळी सुयाच. दुसऱ्या गावांतल्या लोकांनी करून पाहिलं, त्यांनाही सुयाच मिळाल्या. मग लोक हळूच म्हणायला लागले, की पहिलं रूप मुळात होतं तरी का?

मुलगा जिन्यावरून वर आला. त्याने ऐकलं होतं. "अगं, एक पेपर मागे घेतलास तर आभाळ कोसळणार आहे का? तुझे बाकीचे ढीगभर आहेत."

"मागे घ्यायचा म्हणजे काय, ठाऊक आहे? मी जे पाहिलं ते पाहिलंच नव्हतं, असं सही करून द्यायचं." तिचा आवाज चढला नाही, उलट बसला. "मी पाहिलंय रे. या डोळ्यांनी. भांडं असं तिरपं केलं होतं मी."

तिने रिकामा हात तिरपा करून दाखवला. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. जे एकदा दिसलं ते पुन्हा दिसत नाही, आणि दुसऱ्याला दाखवता तर मुळीच येत नाही, हे दुःख मला परकं नाही. रोज दिव्यासमोर बसणाऱ्या कुणालाच ते परकं नसावं. पण माझ्याकडे कुणी पुरावा मागत नाही, एवढा माझा भाग्ययोग.

"तुम्हाला वाटतं का, आई, की मी खोटं बोलले असेन?"

"तू मला मीठ कमी पडलंय हेसुद्धा तोंडावर सांगतेस," मी म्हटलं. "खोटं बोलायची कला तुझ्यात नाही गं."

ती थोडी हसली. डोकं मागे टेकवलं. दाराच्या लाकडावर टक् असा आवाज झाला आणि ती तशीच थांबली. मग सावकाश मान वळवून तिने त्या दाराकडे पाहिलं.

"आई, या खोलीत मी कधी आलेय का?"

मला वाटलं, एवढ्या वर्षांत हिने कधी बोलून दाखवलं नाही ते आज निघतंय की काय. मी म्हटलं, "नाही गं. पण कुणीच येत नाही. हा माझा नियम तुझ्या आधीपासूनचा—"

"तसं नाही! नीट आठवून सांगा. लग्नाच्या दिवशी? तुम्ही आजारी होतात तेव्हा?"

"नाही. कधीच नाही."

"आणि हा?"

"मला तर पाळण्यात असल्यापासून बंदी आहे," मुलगा म्हणाला.

सून उठून उभी राहिली. पिशवी खांद्यावरून घसरून खाली पडली तरी तिचं लक्ष नव्हतं. बंद दाराला तिने दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, "आई, तुमच्या देवाच्या पाया पडते. इथूनच."

मग तिने मला समजावलं. ती मला नेहमी समजावून सांगते, सोपं करून, पण लहान मूल समजून नाही. दुधाला विरजण लागतं तसं स्फटिकांनाही लागतं. सुयांचा डोळ्यांना न दिसणारा एक कण जरी भांड्यात पडला तरी सगळे रेणू त्याचंच पाहून बसतात; मग तावदानं होत नाहीत. "आमच्या अख्ख्या इमारतीला विरजण लागलंय. माझ्या केसांत, बाह्यांत, चष्म्याच्या दांडीवर ते कण असतील. ज्यांनी ज्यांनी नमुना मागितला त्यांना मी सुयांची पुडी पाठवली. मोठ्या मनाने! म्हणजे पुडीबरोबर त्यांच्याकडेही विरजण पाठवलं." तिने कपाळावर हात मारून घेतला. "जिथे मी पोचले नाही अशी जागा मला हवी होती. आणि ती माझ्याच डोक्यावर होती."

"मग भांडी मी वर नेऊन ठेवतो," मुलगा म्हणाला.

"तू कशाला हात लावायचा नाहीस."

"मी काय केलं?"

"तुझी उशी कुणाच्या उशीशेजारी असते?"

मी शेंगांत मान घातली. मुलगा कान खाजवत खाली निघून गेला.

म्हणजे काम मलाच करायचं होतं. मी म्हटलं, "अगं, मला साधं इंजेक्शन पाहिलं तरी घेरी येते." ती म्हणाली, "तुम्ही श्वास न वाजवता बसू शकता, आई. आमच्याकडे हे शिकवायला वर्षं लागतात."

सामान थेट दुकानातून माझ्या नावावर आलं, तिच्या हाताला न लागता: भुकटीची बाटली, स्पिरिट, झाकणाच्या काचेच्या वाट्या, आणि केसाएवढ्या बारीक काचेच्या नळ्या. त्या नळीत एक स्फटिक घालून तोंड मेणाने बंद करायचं, की तो कुणाच्याही हातात जायला मोकळा. पण तावदान उचलायचं कशाने? चिमट्याने त्याचा चुरा होतो. सुनेने सांगितलं, त्यांच्याकडे मांजराची मिशी वापरतात, काडीला चिकटवून. तिच्या नाजूक टोकाला स्फटिक आपसूक चिकटतो आणि दुखावत नाही. मला थट्टा वाटली. पण ती गंभीर होती आणि तिच्या कामावरची मिशी अर्थातच चालणार नव्हती. म्हणून मी शेजारणीकडे गेले.

"बोक्याची एखादी मिशी मिळेल का हो?"

शेजारीण माझ्याकडे बघतच राहिली. "कोणतं व्रत घेतलंत आता?"

"सुनेसाठी आहे."

"मग तुमच्या मुलाची उपटा की," ती म्हणाली. पण कोचावर गळून पडलेली एक लांब मिशी तिने शोधून दिली, अगदी कागदात गुंडाळून. ती मी कढत पाण्यातून काढली. साखरेच्या दाण्यांवर सराव केला. पहिल्यांदा दाणे उडून माझ्याच डोळ्यात गेले. मग हात बसला. खरं म्हणजे श्वास बसला. हात त्याच्या मागोमाग आला.

पहिल्या वेळी सुनेने सांगितलं तसंच सगळं केलं. न्हाणीत, कुठेही ज्योत नसताना, कढत पाण्याच्या घंगाळात वाटी धरून भुकटी स्पिरिटमध्ये विरघळवली. ती अशी विरघळली की वाटीत काहीच नाही असं वाटावं. मला ते फार आवडलं. नाहीसं होणं इतकं नीटनेटकं असू शकतं! मग वाटी आत नेली. दिवा त्या दिवसापासून पलीकडच्या कोनाड्यात ठेवला होता, आणि वाटी खिडकीखालच्या फळीवर. झाकणाला एवढीशी फट ठेवली, म्हणजे स्पिरिट सावकाश उडून जाईल. रोज दिवा लावून बसले की मी आधी देवाकडे बघत असे आणि मग वाटीकडे. नंतर नंतर क्रम कधी उलटा झाला ते कळलं नाही. देवाने काही तक्रार केली नाही.

एका सकाळी वाटीत काहीतरी आलं होतं. भिंग लावून पाहिलं. पांढऱ्या सुया, झुपक्याझुपक्याने, ओल्या कापसासारख्या.

दिवा शांत झाल्यावर मी बाहेर येऊन सुनेला सांगितलं. ती दाराबाहेर बसली होती. ती खाली गेली, भांडी घासल्याचा आवाज आला, बराच वेळ, तीच तीच भांडी. दुपारी मुलगा वर आला आणि म्हणाला, "आई, ती पत्र लिहायला बसलीय." इतकंच सांगून तो खिडकीबाहेर बघत राहिला.

मी खाली गेले. टेबलावर कोरा कागद होता. तिने मान वर न करता विचारलं, "आई, खोलीत काय काय आहे? एकदा सांगा. मनाला रुखरुख नको म्हणून."

मी सांगत गेले. देव, दिवा, तेलाची बुधली, चटई, फळी, पातळं वाळत घालायची दोरी, छोटी घंटा. "आणि तुझी शाल."

"कुठली शाल?"

"तू मला वाढदिवसाला दिलेली. लोकरीची. ती मी बाहेर वापरतच नाही, फक्त दिव्यासमोर बसताना घेते. खराब होऊ नये म्हणून."

तिने पेन खाली ठेवलं.

"ती आणलीस तेव्हा मला कशी कळली नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं होतं," मी म्हटलं. "कुठे लपवून ठेवली होतीस गं?"

"माझ्या कामाच्या टेबलाच्या खणात," सून म्हणाली. "घरात ठेवली असती तर तुम्ही शोधून काढली असतीत." मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तिचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. रडतही होती. "जिथे मी कधी गेले नाही अशी एकच जागा होती, आई. आणि तिथे तुम्ही मला रोज अंगावर घेऊन बसत होतात!"

मी तो कोरा कागद घडी करून माझ्या कमरेला खोचला. तिला म्हटलं, "साहेब अजून सुट्टीवर आहेत ना? मग जेवून घे."

शाल मी पिशवीत घालून खाली दिली. खोलीतली प्रत्येक वस्तू बाहेर काढून कढत पाण्याने धुतली, भिंती पुसल्या, चटई टाकून नवी आणली, देवांना सुद्धा नेहमीपेक्षा जरा जास्तच कढत आंघोळ घातली. पाठ मोडून आली. शाल नसल्यामुळे सकाळी दिव्यासमोर गार वाटायचं, खांद्यांना तिची आठवण यायची. पुन्हा वाटी ठेवली.

आणि मग ती सकाळ आली. मी दिवा लावला, बसले, आणि फळीकडे पाहिलं. वाटीत द्रव थोडाच उरला होता आणि बाकी काही नव्हतं. पुन्हा काही नाही, असं मनात म्हणत मी वाटी जराशी तिरपी केली.

वाटीच्या तळातून उजेड माझ्याकडे वळला.

एकदम, पुष्कळ ठिकाणांहून. जणू तळाशी खिडक्या होत्या आणि कुणीतरी त्या सगळ्या एकाच वेळी उघडल्या. भिंग लावायला मला धीर होईना. लावलं तेव्हा दिसलं: तावदानं. प्रत्येकाचा एक कोपरा छाटलेला, प्रत्येकाचा तोच. कुणी कातरली? माझ्या फळीवर, माझ्या पाठीमागे, मी डोळे मिटून बसले असताना, कोट्यवधी रेणू कुणी न सांगता एकेक करून आपापल्या जागी येऊन बसले होते आणि एकानेही कडेबाहेर पाय टाकला नव्हता. मी जन्मभर म्हणत आले की तो कणाकणात आहे. म्हणत आले. पाहिलं नव्हतं.

बाहेरून दारावर हलकेच टकटक झाली. "आई?" सुनेचा आवाज. "आलं का काही?"

माझं मौन होतं. दिवा अजून अर्धाही झाला नव्हता.

"आई, पुन्हा सुयाच का? तसं असलं तरी चालेल. मी तयार आहे."

आवाज तयार नसल्याचं कळत होतं. बोलावंसं इतकं वाटलं की ओठ दाताखाली धरले. नियम मोडला असता तर देव रागावला नसता, हे मला माहीत आहे. पण ज्या शांततेत ते घडलं होतं, ती माझ्या तोंडाने मोडावी असं वाटेना. मी इकडेतिकडे पाहिलं, आणि मला घंटा दिसली. मी ती रोज फक्त दिवा लावताना वाजवते, एकदाच.

मी ती उचलली आणि वाजवत सुटले.

बाहेर धप्पकन कुणीतरी जमिनीवर बसल्याचा आवाज आला, आणि खालून मुलगा ओरडत आला, "काय झालं? आग लागली का?" आणि सून म्हणाली, "गप्प! आईंचं मौन आहे!" आणि मोठमोठ्याने रडायला लागली.

मिशीने तावदान उचलताना माझा हात थरथरला नाही, याचं मला आजही नवल वाटतं. ते टोकावर आपण होऊन आलं, पाखरू बोटावर यावं तसं. नळीत सोडलं, तोंड मेणाने बंद केलं. अशा आणखी काही नळ्या भरल्या. राहिलेली तावदानं कोरडी करून झाकणाच्या वाटीत ठेवली, सुनेने सांगितलं होतं तसं. नळ्या बाहेरून पुसून दाराच्या फटीखालून सरकवल्या. तिची बोटं पलीकडून आली आणि त्या घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. म्हणाली, "ठिपके जिथल्या तिथे आहेत, आई."

एक्स-रे स्फटिकातून गेला की पलीकडे ठिपक्यांची रांगोळी उमटते. प्रत्येक रचनेची आपली वेगळी. जुन्या पेपरातली रांगोळी आणि ही, ठिपक्याला ठिपका जुळली होती. साहेब सुट्टीवरून आले होते. त्यांनी दोन्ही पडद्यावर शेजारी शेजारी लावून पाहिल्या, खुर्ची ओढून बसले, पुन्हा पाहिल्या. "हे वाढवलं कुणी?" त्यांनी विचारलं.

"मी म्हटलं, माझ्या सासूबाईंनी," सून सांगत होती. "तर विचारतात कसे, 'त्या कोणत्या संस्थेत असतात?' मी म्हटलं, वरच्या मजल्यावर."

पत्राचा विषय त्यांनीच मिटवला. उलट म्हणाले की आता नवीन लिहा, आणि ती खोली जपा.

ती खोली जपा, हे मात्र सून मलाही बजावू लागली. "आता कुणाला आत घेऊ नका, आई. पहिलं रूप मिळण्याची जगात आपल्याला माहीत असलेली ही एकच जागा आहे." मी हो हो म्हटलं. पण रोज दिव्यासमोर बसले की माझं लक्ष वाटीकडे जायचं आणि मग बंद दाराकडे. तावदानं मी पाहिली होती, रोज पाहत होते. जिने त्यांच्यासाठी इतकी वर्षं बोल ऐकले, तिने यावेळी त्यांना पाहिलं ते फक्त बंद नळीतून आणि पडद्यावर.

एका रात्री जेवताना मी विचारलं, "अगं, तुझी तावदानं त्या वेळी सुया झाली, ती कशी झाली? एकदम की हळूहळू?"

तिचा घास हातातच राहिला. "तेच तर मला ठाऊक नाही. आदल्या संध्याकाळी पाहिली, दुसऱ्या सकाळी पाहिलं. मधलं पाहिलंच नाही. मी कागदावर मांडलंय की कोरडं तावदान असेल तर ते न विरघळता, न तुटता, आतल्या आत बदलेल. असं बघा, एका खोलीत ओळीने माणसं झोपलीत, खच्चून. एकाने कूस बदलली की शेजारच्याला बदलावी लागते, मग त्याच्या शेजारच्याला. खोली तीच, भिंती त्याच. पण हे कागदावर. दिसलेलं कुणाला नाही."

"मग बघ की."

"त्यासाठी सुयांचा कण वाटीत सोडावा लागेल. म्हणजे विरजण आत. म्हणजे तुमची खोली संपली, आई. पुन्हा तिथे तावदानं होणार नाहीत."

"माझी खोली कशी संपेल?" मी म्हटलं. "देव काय तावदानांच्या भरवशावर बसलाय?"

मुलगा खो खो हसला. सून हसली नाही. "विचार करा, आई."

"केला. एकदा झाली ना? कशी होतात ते कळलं ना? आता जगात दुसऱ्या कुणाच्या कुलुपबंद खोल्या सापडतील. माझ्यासारख्या खडूस सासवाही असतील."

सुट्टीच्या दिवशी, दुपारी, मागच्या खिडकीतून ऊन फळीवर आलं होतं. सून न्हाऊन आली. हातात कामावरचा छोटा मायक्रोस्कोप आणि खांद्यावर घडी केलेली शाल. मी आतून पुढच्या खोलीकडचं ते बंद दार उघडायला गेले. कडी इतक्या वर्षांत हलली नव्हती. तिला तेल घालावं लागलं. दार उघडलं तेव्हा ती उंबऱ्याबाहेर उभी होती, नेहमीच्या जागी.

"ये."

"आई, नक्की?"

"पाय पुसून ये म्हणजे झालं."

ती आत आली. तिने आधी देवाला नमस्कार केला, मग खिडकीखाली बसली, मायक्रोस्कोप मांडला, आणि वाटीचं झाकण न काढता नुसतं ते तिरपं केलं. उजेड वळला. तिने वाटी पुन्हा सरळ केली, पुन्हा तिरपी केली. लहान मूल करील तसं. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते, वाटीकडे नाही.

मग तिने मिशीने सगळ्यांत मोठं तावदान काचपट्टीवर ठेवलं, मला म्हणाली, "तुम्ही पाहा आधी," आणि शालीचा एक धागा काढून त्याचं टोक तावदानाच्या छाटलेल्या कोपऱ्याला लावलं.

काहीच झालं नाही. स्वच्छ काच, ऊन, आणि माझ्या पापणीची सावली. मी म्हणणार होते की तुझी शाल आता स्वच्छ झालेली दिसते. तेवढ्यात त्या कोपऱ्यात काहीतरी हललं. हललं म्हणणं चूक. कडा जागच्या जागी होत्या. आतमध्ये एक रेघ उठली होती. सरळ, बारीक, आणि ती चालू लागली. तिच्या पुढे पाण्यासारखं स्वच्छ, तिच्या मागे दुधासारखं. घाई नव्हती, थांबणंही नव्हतं. एकाने कूस बदलली, मग शेजारच्याने, मग त्याच्या शेजारच्याने. काही तडकलं नाही. कुणी जागा सोडली नाही. रेघ पलीकडच्या कडेला पोचली आणि नाहीशी झाली, आणि तावदान तिथेच होतं, त्याच आकाराचं, त्याच छाटलेल्या कोपऱ्याचं, आणि आतून पूर्ण निराळं.

मी डोळा उचलला आणि बाजूला सरकले. दुसरं तावदान ठेवून तिने स्वतः पाहिलं. तिचा हात माझ्या मनगटावर होता. रेघ कुठवर आली ते मला तिच्या बोटांवरून कळत होतं.

ती किती तरी वेळ वर पाहीना. सकाळचा दिवा केव्हाच शांत झाला होता, मी बोलायला मोकळी होते, तरी बोलले नाही. शेवटी तिने डोळे पुसले, शालीची घडी मोडली, आणि ती माझ्या खांद्यांवर टाकली. अर्धी माझ्या, अर्धी तिच्या.

"वाटीत अजून आहेत," ती कुजबुजली.

"मग ठेव की पुढचं," मी म्हटलं.